तज्ज्ञ साक्षीदार आणि व्हीसीवरची साक्ष: दिवाणी दाव्यात नव्याने पडणाऱ्यांसाठी

अहवाल दाखल झाला म्हणजे तज्ज्ञाचा पुरावा झाला, असं समजून निर्धास्त बसणारे पक्षकार कुठल्याही तालुका कोर्टात भेटतात. काही ज्युनिअर वकीलही त्यात असतात. दिवाणी दाव्यात खासगी तज्ज्ञाचा अहवाल सिद्ध होईपर्यंत नुसता कागद असतो. तो लिहिणारा माणूस शपथेवर उभा राहतो, मताची कारणं सांगतो, समोरचा वकील त्याला उलटसुलट विचारून घेतो, तेव्हा कुठे त्या कागदाला वजन येतं. फौजदारी खटल्यात काही सरकारी शास्त्रज्ञांचे अहवाल त्यांना न बोलावता वाचता येतात. ती सोय फौजदारी कायद्यातली आहे. दिवाणीत ती गृहीत धरू नका.

आता हा तज्ज्ञ बऱ्याचदा कोर्टात येत नाही, व्हीसीने, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने, पडद्यावर येतो. त्यामुळे दोन कामं एकत्र करावी लागतात: त्याचं मत वेळेवर आणि उघडपणे रेकॉर्डवर आणायचं, आणि त्याची दुरून होणारी साक्ष कोर्टात बसून दिल्यासारखी पक्की करून घ्यायची. ते कसं करायचं ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात करारपूर्तीचा दावा आहे. वादी म्हणतो, २०१४ साली आप्पांनी मला शेतजमिनीचं साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करून दिलं. आप्पा हयात नाहीत. वारस म्हणून त्यांची गावातली मुलगी आणि टोरांटोतला मुलगा प्रतिवादी आहेत. त्यांचं म्हणणं एकच: ही सही आप्पांची नाही. त्यांनी निवडलेला हस्ताक्षरतज्ज्ञ नागपूरला बसतो. आपण वारसांच्या बाजूने आहोत.

कायदा जुना की नवा, ते आधी बघा

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. पण त्या दिवशी जे दावे प्रलंबित होते ते १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यानेच चालतात. नव्या कायद्याच्या कलम १७० मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे दावा २०२२ चा असेल तर अर्जात कलम ४५ लिहायचं, २०२५ चा असेल तर कलम ३९. मजकूर बहुतांशी तोच आहे, पण चुकीचं कलम लिहिलं की समोरचा वकील पहिली दहा मिनिटं त्यावरच घालवतो.

जोड्या जवळ लिहून ठेवा. तज्ज्ञाचं मत: जुनं ४५, नवं ३९. सही ओळखणाऱ्या परिचिताचं मत: जुनं ४७, नवं ४१. मताची कारणं: जुनं ५१, नवं ४५. कोर्टाने स्वतः सह्या ताडून पाहणं: जुनं ७३, नवं ७२. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र: जुनं ६५ब, नवं ६३. यात नवं ४५ आणि जुनं ४५ यांची गल्लत हमखास होते, तेवढं सांभाळा.

तज्ज्ञ हवाच आहे का?

हा प्रश्न फी ठरवण्याआधी विचारायचा. आपल्या उदाहरणात साठेखत सिद्ध करण्याची जबाबदारी वादीवर आहे. त्याच्याकडे साक्षीदार म्हणून सही केलेली दोन माणसं असतील आणि उलटतपासात ती दोघं सही झाल्याची दोन वेगवेगळी ठिकाणं सांगत असतील, तर आपला तज्ज्ञ आणून समोरच्याला नवी संधी कशाला द्यायची? उलट ती माणसं पक्की असतील, तर तज्ज्ञाशिवाय आपल्याकडे नुसता नकार उरतो.

स्वस्त पर्यायही पाहावा. ज्याने आप्पांना वर्षानुवर्षं सही करताना पाहिलं आहे, त्यांची पत्रं ज्याला येत होती, तो माणूस परिचित म्हणून सहीबद्दल मत देऊ शकतो. टोरांटोतला मुलगा इथेच उपयोगी पडतो. मृत्युपत्राच्या वादात तर हस्ताक्षरतज्ज्ञ दुय्यमच. साक्षांकन करणाऱ्यांपैकी कुणी हयात आणि उपलब्ध असेल, तर निदान एकाला उभं करावंच लागतं, तज्ज्ञ काहीही म्हणो.

आणि बांधावरच्या अतिक्रमणाचा दावा असेल तर खासगी सर्व्हेअरवर पैसे घालवण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनरचा (जागेची पाहणी करायला कोर्ट नेमतं त्या माणसाचा) अर्ज द्या. आपल्याकडे हे काम सहसा भूमी अभिलेख खात्याकडे जातं, मोजणी होते, नकाशा येतो. हद्दीच्या वादात असा कमिशनर नेमायला हवा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप या २००८ च्या निकालात म्हटलं आहे. कमिशनरचा अहवाल हा ऑर्डर २६ नियम १० प्रमाणे स्वतःच पुरावा ठरतो, हा त्याचा मोठा फायदा. कमिशनरला कोर्टाच्या परवानगीने तपासता येतं. शास्त्रीय तपासणी लागणार असेल तर नियम १०अ आहे. हस्ताक्षराचा कागद कोर्टामार्फत तज्ज्ञाकडे पाठवायला याच नियमाचा आधार घेतात.

माझं मत विचाराल तर वादग्रस्त सहीसाठी शक्य तिथे कोर्टामार्फतच कागद पाठवावा. वेळ जास्त जातो, पण ‘तुमचा पगारी तज्ज्ञ’ हा टोमणा तिथल्या तिथे मरतो.

मान्य सह्या गोळा करणं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. तज्ज्ञ कितीही नावाजलेला असला तरी त्याच्यासमोर ठेवलेल्या मान्य सह्या, म्हणजे ज्यांच्या खरेपणाबद्दल वाद नाही अशा सह्या, कच्च्या असतील तर मत कच्चंच येणार.

वादग्रस्त सही २०१४ ची आहे. मग ताडून पाहायच्या सह्या त्याच्या आगेमागेच्या हव्यात: २०१२, १३, १५. माणसाची सही वयानुसार बदलते, हात थरथरायला लागतो, चष्म्याचा नंबर वाढतो, पक्षाघात होऊन गेलेला असतो. १९९० च्या सेवापुस्तकातली ठसठशीत सही दाखवून ‘बघा, किती फरक’ म्हणणं हे तज्ज्ञाचं काम नव्हे, आणि उलटतपासात ते पाच मिनिटांत उघडं पडतं. सही करणारा हयात असेल अशा दाव्यात, दाव्यानंतर केलेल्या सह्यांवर, म्हणजे वकीलपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) यांवरच्या सह्यांवर, एकट्या विसंबू नका. वाद सुरू झाल्यावर माणूस सही मुद्दाम बदलू शकतो, हा आक्षेप ठरलेलाच असतो.

आप्पा निवृत्त शिक्षक होते असं धरा. पेन्शनर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतो, बँकेत जाऊन सही करतो. म्हणजे दर वर्षाची एक सही, तारखेसकट, तिऱ्हाईताच्या ताब्यात. यापेक्षा चांगला नमुना मिळणं कठीण. त्याखेरीज नोंदणी केलेलं खरेदीखत, बँकेचं खातं उघडण्याचा अर्ज, सोसायटीच्या कर्जाचे कागद, विम्याचा प्रस्ताव. हे कागद ज्या कार्यालयात आहेत तिथून मूळ स्वरूपात आणण्यासाठी कोर्टाकडून समन्स काढून घ्या. ‘आमच्याकडे झेरॉक्स आहे’ हे उत्तर स्वीकारू नका. झेरॉक्सवर पेनाचा दाब दिसत नाही, शाई दिसत नाही, पेन कुठे उचललं तेही धड कळत नाही.

मूळ साठेखत कोर्टाच्या ताब्यात असतं. ते बाहेर काढायचं तर अर्ज करून, सीलबंद पाकिटात, ठरावीक मुदतीत परत करण्याच्या अटीवर. दुसरा मार्ग म्हणजे तज्ज्ञाने कार्यालयात कर्मचाऱ्यासमोर बसून फोटो काढणं. हल्ली फोटो डिजिटल असतात, म्हणून त्यांच्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडून टाका. नव्या कायद्यात त्याचे भाग अ आणि भाग ब असे दोन भाग आहेत. दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा) लिहायची. प्रमाणपत्राचा कंटाळा करू नका. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघाला, आणि त्यातला कळीचा मुद्दा प्रमाणपत्राचाच होता.

अहवालात काय हवं

‘दोन्ही सह्या एकाच व्यक्तीच्या नाहीत’ हे शेवटचं वाक्य सगळे लिहितात. कोर्टाला त्याच्या आधीची पानं हवी असतात. रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल (२००९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञाचं काम नेमकं सांगितलं आहे: निष्कर्ष तपासून पाहण्यासाठी लागणारे शास्त्रीय निकष न्यायाधीशांसमोर ठेवणं, म्हणजे न्यायाधीश ते निकष पुराव्याला लावून स्वतःचं मत बनवू शकतील. त्याआधी जयलाल प्रकरणात (१९९९) तज्ज्ञाची भूमिका सल्लागाराची असते हे स्पष्ट झालं होतं. तज्ज्ञाने निकाल द्यायचा नसतो.

म्हणून अहवाल हातात आला की स्वतः वाचा आणि असं तपासा. कोणकोणते कागद पाहिले, मूळ की प्रत, कुठे आणि कोणत्या तारखेला? वादग्रस्त सहीला आणि मान्य सह्यांना वेगवेगळे क्रमांक दिलेत का? शेजारीशेजारी ठेवलेले मोठे केलेले फोटो आहेत का? फरकांइतकीच साम्यंही नोंदवलीत का? एकही साम्य न सापडलेला अहवाल मला नेहमी संशयास्पद वाटतो. बनावट सही करणारा काहीतरी साम्य आणतोच ना. मत ठाम आहे की संभाव्य, हे शब्दांत आलंय का? तज्ज्ञाचं शिक्षण, अनुभव आणि फी, हे तिन्ही लिहिलंय का?

फी लपवण्यात अर्थ नाही. ऑर्डर १६ नियम २ मध्येच तज्ज्ञाला साक्षीच्या वेळेसाठी आणि त्यासाठी कराव्या लागलेल्या तज्ज्ञ-कामासाठी वाजवी मोबदला देण्याची तरतूद आहे. फीबद्दल विचारलं की आकडा सांगायचा आणि पुढच्या प्रश्नाला जायचं.

तज्ज्ञाला व्हॉट्सॲपवर ‘साहेब, आपल्या बाजूने द्या’ असं काही लिहू नका. तो मेसेज उलटतपासात निघेल असं धरूनच प्रत्येक मेसेज लिहावा.

कधी आणि कसं उघड करायचं

अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत तज्ज्ञाचा सही केलेला अहवाल, त्याने पाहिलेली सामग्री, मोबदला, आधी कुठे साक्ष दिली त्याची यादी, हे सगळं कोर्टाने वेगळी मुदत दिली नसेल तर खटल्याच्या निदान ९० दिवस आधी समोरच्याला द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये तज्ज्ञाचं पहिलं कर्तव्य कोर्टाप्रती असतं, पैसे देणाऱ्याप्रती नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तज्ज्ञासाठी असा वेगळा टप्पा नाही. तो साक्षीदारांच्या यादीत, कागदांच्या यादीत आणि शपथपत्रात विखुरलेला आहे, आणि नवखा माणूस तिथेच अडखळतो.

पहिली गोष्ट साक्षीदारांची यादी. ऑर्डर १६ नियम १ प्रमाणे ती मुद्दे निघाल्यापासून, म्हणजे कोर्टाने वादाचे प्रश्न ठरवल्यापासून, १५ दिवसांच्या आत, कोर्टाने ठरवलेल्या तारखेला द्यायची. तज्ज्ञाचं नाव नक्की झालं नसेल तरी ‘हस्ताक्षरतज्ज्ञ, वादग्रस्त सहीबाबत’ असा उल्लेख तरी करा. यादीत नसलेला साक्षीदार आणायला कारण दाखवून परवानगी घ्यावी लागते, आणि तीन वर्षांनी ते कारण सुचत नाही.

दुसरी गोष्ट अहवाल दाखल करणं. तो कागदांच्या यादीसोबत द्या, प्रत समोरच्या वकिलाला पोच घेऊन द्या. उशीर झाला असेल तर परवानगीचा अर्ज सोबतच. बरेच वकील अहवाल शेवटपर्यंत खिशात ठेवतात, समोरच्याला गाठायचं म्हणून. त्यातून होतं एवढंच की समोरचा तारीख मागतो, प्रतितज्ज्ञ आणण्याची परवानगी मागतो, आणि कोर्ट त्याला ती देतं. लवकर दिलेल्या अहवालावर समोरच्याने वर्षभर काही केलं नाही, तर ती गोष्ट युक्तिवादात आपल्या कामाला येते.

वाणिज्यिक न्यायालयात गोष्ट कडक आहे. तिथे एका बाजूच्या सगळ्या साक्षीदारांची शपथपत्रं एकाच वेळी, कोर्टाने केस मॅनेजमेंट सुनावणीत ठरवलेल्या तारखेला द्यावी लागतात. समोरच्याचा पुरावा पाहून मग आपला तज्ज्ञ घडवायची सवय तिथे चालत नाही.

तिसरी गोष्ट सरतपासाचं, म्हणजे आपल्याच साक्षीदाराच्या पहिल्या जबानीचं, शपथपत्र. ऑर्डर १८ नियम ४ प्रमाणे सरतपास शपथपत्रावरच होतो. त्यात अहवाल जसाच्या तसा चिकटवू नका. तज्ज्ञ कोण, काय पाहिलं, कोणती पद्धत, काय आढळलं, म्हणून काय मत, आणि ‘सोबतचा अहवाल माझाच असून त्यावरील सही माझी आहे’. अहवालाला निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून रेकॉर्डवरचा क्रमांक) पडला की नाही ते त्याच दिवशी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, पाहा.

अपघाताच्या नुकसानभरपाईचं प्रकरण असेल तर अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनाही हेच लागू. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (निकाल २०१०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगाचं अपंगत्व आणि कमावण्याच्या क्षमतेतली घट या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. डॉक्टरांना पहिली सांगता येते. दुसरी न्यायाधिकरण ठरवतं. डॉक्टरांना दिवसभर बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा व्हीसी हा इथे खरोखर चांगला उपाय आहे.

व्हीसीचा अर्ज

पडद्यावरून साक्ष चालते का, ही शंका २००३ साली मिटली. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात साक्षीदार न्यूयॉर्कचे डॉक्टर होते, आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष नोंदवता येते असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. प्रकरण फौजदारी होतं, पण दिवाणीतही त्याचाच आधार घेतला जातो. नव्या कायद्याच्या पुराव्याच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेली विधानं आलीच आहेत. रोजच्या कामासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे २०२२ चे नियम आहेत. गोव्याची कोर्टंही याच उच्च न्यायालयाखाली येतात, त्यामुळे पणजी-मडगावच्या वाचकांनीही हेच नियम हाताशी ठेवावेत.

नियमांत दोन टोकं धरली आहेत: कोर्टाचं टोक आणि साक्षीदाराचं टोक. दोन्हीकडे समन्वयक लागतो. साक्षीदाराच्या टोकाचा समन्वयक कोण, हा अर्जाचा गाभा आहे. साक्षीदार परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा अधिकारी. प्रयोगशाळेत असेल तर तिथले प्रमुख किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती. दुसऱ्या शहरात असेल तर तिथल्या न्यायालयातला अधिकृत कर्मचारी. नागपूरच्या तज्ज्ञासाठी मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयातली व्हीसी खोलीच मागेन. तज्ज्ञाच्या स्वतःच्या ऑफिसातून साक्ष म्हणजे आक्षेपांना आमंत्रण.

अर्जात हे लिहा: कोण साक्षीदार, प्रत्यक्ष का येऊ शकत नाही, कुठून बोलणार, समन्वयक कोण, कोणते कागद दाखवायचे आहेत, अंदाजे किती वेळ, आणि खर्च आम्ही सोसू. दिवाणीत खर्च मागणाऱ्यावर पडतो. अर्जाआधी समोरच्या वकिलाशी बोला. त्याची हरकत नसेल तर त्याच्याकडून पुरसिस (कोर्टात द्यायचं तसं लेखी निवेदन) घ्या. हरकत असेल तर ती कशाला आहे ते विचारा. बहुतेकदा त्याची भीती ‘शेजारून कुणी उत्तरं सांगेल’ एवढीच असते, आणि खोलीच्या अटी लेखी देऊन ती कमी करता येते.

टोरांटोच्या मुलाबाबत घरचे म्हणतील, बहिणीला कुलमुखत्यारपत्र दिलंय, तीच बोलेल. चालणार नाही. जानकी वाशदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुखत्याराने स्वतः केलेल्या गोष्टींपुरतीच त्याला साक्ष देता येते. मूळ माणसाला व्यक्तिशः माहीत असलेल्या गोष्टी त्याच्या वतीने सांगता येत नाहीत. वडिलांची सही ओळखणं ही मुलाची व्यक्तिगत माहिती. तो स्वतःच लागेल, आणि म्हणूनच व्हीसी.

त्याचं सरतपासाचं शपथपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात करून घेणं सगळ्यात सरळ. स्थानिक नोटरीपुढे केलं तर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) घ्या. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. काही देशांना त्यांच्या भूमीवर दुसऱ्या देशाच्या कोर्टाने साक्ष घेतलेली परवानगीशिवाय चालत नाही, म्हणून साक्षीदार नेमका कुठे आहे ते पाहून दूतावासात आधी विचारावं.

वेळेचा हिशेब अर्जातच करा. साताऱ्यात सकाळी ११ वाजतात तेव्हा टोरांटोत उन्हाळ्यात पहाटेचा दीड आणि हिवाळ्यात रात्रीचा साडेबारा वाजलेला असतो. दुपारी साडेचारची वेळ मागितली तर तिथे उन्हाळ्यात सकाळचे सात, हिवाळ्यात सहा. त्या वेळेला दूतावास उघडा नसतो, तेव्हा अधिकारी येणार की कोर्टाने दुसरा समन्वयक नेमायचा, हे तारखेआधी लेखी ठरलेलं हवं. अर्ज खोळंबतो तो सहसा या एका ओळीमुळे.

साक्षीच्या आधीचे दिवस

कागद आधी पोचले पाहिजेत. साठेखत, मान्य सह्या, अहवाल, फोटो यांचा एक गठ्ठा करा, पानांना सलग क्रमांक द्या, न बदलता येणाऱ्या स्कॅन प्रती समन्वयकाकडे पाठवा आणि तोच गठ्ठा कोर्टात, समोरच्याकडे, साक्षीदारासमोर असू द्या. ‘पान ४७ पाहा’ म्हटल्यावर चौघांनी एकच पान उघडलं, तर अर्धी लढाई जिंकली. समोरच्या वकिलाला ऐनवेळी कागद दाखवायचा असेल तर तो सीलबंद पाकिटात समन्वयकाकडे ठेवून कॅमेऱ्यासमोर फोडण्याची मागणी करता येते. असा हट्ट आपणही धरू शकतो, समोरचा साक्षीदार दूर असेल तेव्हा.

आवाजाची चाचणी आदल्या दिवशी, त्याच खोलीतून, त्याच यंत्रावर. चित्र थोडं अडखळलं तर चालतं. आवाज तुटला तर नोंद चुकते.

तज्ज्ञाला दोन गोष्टी बजावा. उत्तर देण्याआधी क्षणभर थांबायचं, म्हणजे हरकतीला जागा राहते. आणि स्वतःच्या टिपणात बघायचं असेल तर तसं म्हणून, परवानगी घेऊन बघायचं. पडद्याखाली नजर गेली की समोरचा वकील लगेच विचारतो, खाली काय आहे?

साक्षीचा दिवस

समन्वयक साक्षीदाराचं ओळखपत्र पाहतो, कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवतो, परवानगी नसलेलं कुणी नाही हे सांगतो. मग शपथ. स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका, घरच्यांनाही करू देऊ नका. नियमांत त्याला बंदी आहे.

नोंद बहुधा मराठीत होते, तज्ज्ञ मात्र तांत्रिक शब्द इंग्रजीत बोलतो. ‘पेन-लिफ्ट’चं (सही करताना मध्येच पेन उचलण्याचं) मराठी न्यायाधीशांनी काय सांगितलं आणि टंकलेखकाने काय घेतलं हे त्या क्षणी ऐका. आपल्या तज्ज्ञाच्या उलटतपासाचा एक तुकडा असा उतरलेला दिसेल:

‘हे म्हणणे खरे आहे की, मी मयताच्या हाताला कंप होता किंवा कसे याची चौकशी केली नाही. हे म्हणणे खरे आहे की, कंपामुळे सही करताना पेन उचलले जाऊ शकते. साक्षीदार स्वतःहून सांगतो की, कंपामुळे येणारी तुटकता सर्व अक्षरांत विखुरलेली असते, वादग्रस्त सहीत ती फक्त जोडाक्षराच्या ठिकाणी आहे. हे म्हणणे खरे नाही की, मी प्रतिवादींच्या सांगण्यावरून खोटा अहवाल दिला.’

यातलं ‘स्वतःहून सांगतो’ हे वाक्य नोंदीत आलं नसतं, तर आधीच्या दोन कबुल्यांनी अहवाल मोडला असता. व्हीसीवर नेमकी अशीच वाक्यं आवाज तुटल्यामुळे गळतात. गळलं असं वाटलं की तिथल्या तिथे उभं राहून सांगा. संपर्क तुटला तर वेळ, शेवटचा पूर्ण नोंदलेला प्रश्न आणि पुन्हा जोडल्याची वेळ रोजनाम्यात घ्यायला सांगा, आणि अर्धवट राहिलेला प्रश्न नव्याने विचारला जाईल हे पाहा.

उलटतपास घेणारे तुम्ही असाल तर तज्ज्ञाच्या निष्कर्षावर भांडू नका, त्याच्या सामग्रीवर भांडा. कोणती सही पाहिली नाही? मूळ कागद किती वेळ हातात होता? विरुद्ध जाणारी साम्यं का सोडली? हे प्रश्न काढायला आपला एक तज्ज्ञ पडद्यामागे घ्या, त्याला साक्षीला उभं न करताही. तज्ज्ञाच्या मताला दुजोरा असलाच पाहिजे असा नियम नाही, पण ते सावधगिरीने पाहावं, हे मुरारीलाल प्रकरणापासून (१९८०) कोर्टं सांगत आली आहेत. न्यायाधीश स्वतः सह्या ताडून पाहू शकतात. म्हणून मोठे केलेले स्वच्छ फोटो रेकॉर्डवर असणं दोन्ही बाजूंच्या हिताचं.

व्हीसी जमतच नसेल, साक्षीदार अंथरुणाला खिळलेला असेल, तर ऑर्डर २६ खाली कमिशन नेमून त्याच्याकडे जाऊन साक्ष घेता येते. हा जुना मार्ग अजूनही चालू आहे.

नंतर

नोंदलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवली जाते किंवा पाठवली जाते. डिजिटल सही असेल तर तीवर, नसेल तर छापील प्रतीवर साक्षीदार सही करतो, समन्वयक प्रतिस्वाक्षरी करतो आणि ती प्रत मूळ म्हणून कोर्टात परत येते. साक्षीदाराने तिकडून दाखवलेले कागदही त्याच पद्धतीने येतात. हे टपाल आलं की नाही याचा पाठपुरावा कोर्ट करेल अशी वाट पाहू नका. पुढच्या तारखेआधी शिरस्तेदारांकडे चौकशी करा, लिफाफा रेकॉर्डला लागला की रोजनाम्याची नक्कल काढा, आणि साक्षीच्या नकलेतला प्रत्येक तांत्रिक शब्द अहवालाशी ताडून पाहा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. युक्तिवादाच्या दिवशी दिला तर त्याला उशिराची सारवासारव म्हणतील.